भिंतीतून येणारा हात : 'झेल्डा' मालिकेतला वॉलमास्टर नेमके काय हिरावतो?

व्हिडिओ गेममधल्या बहुतेक शत्रूंचा हिशेब सरळ असतो. त्यांचा फटका बसला की नायकाची ताकद कमी होते आणि ताकद पार संपली की डाव संपतो. निन्टेन्डोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेत मात्र 1986 सालच्या पहिल्या खेळापासून असा एक शत्रू वावरतो आहे, ज्याला नायकाच्या प्राणांशी फारसे देणेघेणे नाही. मनगटापासून तुटलेला एक अवाढव्य हात, एवढेच त्याचे रूप. हा हात लिंकला मुठीत धरतो, ओढून नेतो आणि जिथून तो आत शिरला होता त्या दारात नेऊन सोडतो. याचे नाव वॉलमास्टर. मालिकेतल्या महाकाय राक्षसांना न घाबरणारे खेळाडूसुद्धा या हाताच्या चाहुलीने दचकतात आणि या भीतीमागे खेळाच्या रचनेतली एक अतिशय बारीक समजूत आहे, असे मला वाटते. ती उलगडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी स्पष्ट कराव्या लागतील. या खेळांत हायरूल नावाच्या राज्यात लिंक हा तरुण भटकत असतो आणि ठिकठिकाणी त्याला 'डंजन' लागतात. डंजन म्हणजे खोल्यांचा एक चक्रव्यूह. काही दारांना कुलपे असतात, किल्ल्या भलत्याच खोल्यांत सापडतात, वाटेत शत्रू आणि कोडी असतात आणि शेवटच्या दालनात एक मोठा राक्षस वाट पाहत असतो. लिंकची ताकद पडद्यावर हृदयांच्या ओळीने दाखवली जाते. पहिल्या खेळात सुरुवातीला अशी 3 हृदये मिळतात आणि पुढे ती वाढवत न्यावी लागतात. याचा अर्थ डंजनमध्ये खेळाडूजवळ दोन प्रकारची पुंजी जमत असते. एक पडद्यावर मोजून दाखवलेली, म्हणजे ही हृदये. आणि दुसरी कुठेच मोजून न दाखवलेली, ती म्हणजे आपण दारापासून किती आत येऊन पोहोचलो आहोत हे अंतर. इतर शत्रू पहिल्या पुंजीवर घाला घालतात. वॉलमास्टर दुसरीवर घालतो.

शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी घडवलेल्या त्या पहिल्या खेळात डंजनची प्रत्येक खोली बरोबर एका पडद्याएवढी आहे आणि आपण तिच्याकडे वरून पाहतो. चारी बाजूंना जाड भिंती असतात. वॉलमास्टर असलेल्या खोलीत पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. लिंक भिंतीच्या जवळ गेला तरच दगडातून हात बाहेर येतो, थोडे अंतर सरकतो आणि पुन्हा भिंतीत शिरतो. त्या वेळी लिंक त्याच्या वाटेत असेल तर त्यालाही सोबत घेऊन जातो. म्हणजे या शत्रूचा नियम एका वाक्यात बसणारा आहे : भिंतीला लागून चालू नका. खोलीच्या मध्यावर उभे राहिलात तर हा हात तुमच्या वाटेलाही जात नाही.

इतका सोपा नियम असूनही खेळाडू फसतात, कारण हा नियम त्यांच्या अंगवळणी पडलेल्या सवयीच्या नेमका विरुद्ध आहे. इतर खोल्यांत भिंत हा आधार असतो. पाठीशी भिंत असली की निदान एका बाजूने तरी कोणी अंगावर येणार नाही, अशी खात्री वाटते आणि चारी बाजूंनी शत्रू सुटले की खेळाडू आपोआप कडेला सरकतो. शिवाय याच खेळात काही भिंती बॉम्बने फोडता येतात आणि पलीकडे गुप्त खोल्या निघतात, म्हणून चाणाक्ष खेळाडूला भिंती चाचपून पाहण्याची ओढ लागलेली असते. जिथे आधार आहे आणि जिथे गुपित आहे, त्याच जागेत हा हात दडवून ठेवलेला आहे. भिंत ही डंजनमधली सर्वांत निर्जीव गोष्ट असते. तीच सजीव निघाली की पायाखालच्या जमिनीवरचाही विश्वास उडतो. हा शत्रू शेवटच्या कठीण डंजनसाठी राखून ठेवलेला नाही, तर एकूण 9 डंजनपैकी अगदी पहिल्यातच तो भेटतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. खेळाची भाषा शिकत असतानाच खेळाडूला हे सांगितले जाते की येथे हृदये भरलेली असूनही हरता येते.

आता किमतीचा विचार करू. फटक्याने अर्धे हृदय गेले, तर ते कुठेही गेले तरी अर्धेच असते. वॉलमास्टरची किंमत मात्र जागेप्रमाणे बदलते. दारापासून दुसऱ्याच खोलीत त्याने पकडले तर खेळाडू खांदे उडवून परत चालू लागतो. पण राक्षसाच्या दालनाच्या अलीकडे पकडले तर सगळी वाट पुन्हा तुडवावी लागते. त्यामुळे डंजनची आखणी करणाऱ्याच्या हाती एक विलक्षण साधन येते. शत्रू तोच, त्याची चाल तीच, ताकद तीच. केवळ त्याला कोणत्या खोलीत ठेवायचे एवढे ठरवून शिक्षा हलकी किंवा जड करता येते. ही किंमत खेळाडूला आगाऊ आकड्यात दाखवलेली नसते, तरी ती त्याला पक्की ठाऊक असते, कारण ते अंतर तो स्वतः चालून आलेला असतो. जितके आत जावे तितके गमावण्यासारखे वाढत जाते, म्हणजे खेळाडूची प्रगतीच त्याच्या भीतीला खतपाणी घालत असते.

येथे आणखी एक बारकावा आहे, जो मला खूप उशिरा उमगला. पहिल्या खेळात डंजनमध्ये लिंक मेला आणि खेळाडूने पुढे चालू ठेवायचे ठरवले, तर लिंक कुठे जिवंत होतो? त्याच डंजनच्या दारात. हाताने उचलून नेले तर कुठे सोडला जातो? त्याच दारात. म्हणजे वॉलमास्टर हे एक प्रकारचे अर्धे मरण आहे. मरणाचे दोन भाग केले, हृदये संपणे आणि जागा गमावणे, तर त्यातला फक्त दुसरा भाग हा हात वेगळा काढून खेळाडूच्या पदरात टाकतो. हृदये शाबूत राहतात, किल्ल्या आणि वस्तू जवळच राहतात, उघडलेली कुलपे उघडीच राहतात. तरीही पुष्कळ खेळाडूंना ते खऱ्या मरणाहून अधिक झोंबते. खरे मरण हळूहळू येते. हृदये कमी होताना दिसतात, सावध करणारा आवाज वाजत राहतो आणि मनाची तयारी झालेली असते. हात मात्र भरल्या ताटावरून उठवतो. शिवाय मेल्यावर डाव संपल्याची खूण येते, एक विराम मिळतो, हवे तर खेळ बंद करून उठता येते. हाताने पकडल्यावर तसे काही होत नाही. आपण दारात उभे असतो आणि पुढची वाट तीच असते.

याच जातकुळीतला आणखी एक शत्रू याच पहिल्या खेळात आहे, त्याचाही उल्लेख करायला हवा. लाइक लाइक नावाचा हा एक लिबलिबीत प्राणी लिंकला गिळतो आणि त्याची जादूची ढाल खाऊन टाकतो, मग ती पुन्हा विकत आणावी लागते. हृदयांऐवजी दुसरेच काहीतरी हिरावून घेणारे शत्रू रचायचे, ही कल्पना निर्मात्यांच्या मनात पहिल्यापासून होती, हे यावरून दिसते. पुढे 1998 सालच्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये लाइक लाइकला वेळीच ठार केले तर गिळलेली वस्तू परत मिळू लागली. वॉलमास्टरने मात्र आपल्या व्यवहारात अशी सवलत दिली नाही. त्याच्या हातून निसटण्याचा मार्ग एकच, पकडलेच न जाणे.

1991 साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रावर 'अ लिंक टू द पास्ट' आला आणि हाताने जागा बदलली. तो भिंतीऐवजी छतावरून पडू लागला. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण त्याने नियमच पालटला. भिंतीतल्या हाताला टाळण्यासाठी कुठे उभे राहायचे हे ठरवावे लागत होते. छतावरच्या हाताला टाळण्यासाठी किती वेळ उभे राहायचे हे ठरवावे लागते. खोलीचा मध्य आता सुरक्षित उरला नाही. अंधाऱ्या जगातल्या 'स्कल वुड्स'च्या डंजनमध्ये, जिथे मुळात वाटा सापडता सापडत नाहीत आणि थांबून नकाशा पाहावासा वाटतो, तिथे हा हात थांबण्याचीच शिक्षा देतो. एका जागी उभे राहून कोडे सोडवण्याची मुभा काढून घेणे, हे डंजनसारख्या कोड्यांच्या जागेत केवढे मोठे पाऊल आहे, याचा विचार करून पाहावा.

नावाचा घोळही येथूनच सुरू होतो. इंग्रजी आवृत्तीत जुने 'वॉलमास्टर' हेच नाव पुढे चालू राहिले, त्यामुळे छतावरून पडणाऱ्या हातालाही भिंतीचे नाव चिकटले. 'ओकारिना'च्या जपानी आवृत्तीत मात्र त्याला 'फॉल मास्टर' म्हणतात, म्हणजे पडणारा. उच्चारात दोन्ही नावे इतकी जवळची आहेत की हा बदल पुष्कळांच्या लक्षातही येत नाही, पण शत्रूचे वर्तन नेमके सांगणारे नाव तेच आहे.

'ओकारिना ऑफ टाइम' हा मालिकेतला पहिला त्रिमितीय खेळ आणि वॉलमास्टरची सर्वांत प्रभावी मांडणी मला त्यातच दिसते. आधीच्या खेळांत खेळाडू खोलीकडे वरून पाहत होता, म्हणून सबंध खोली एका नजरेत मावत होती. त्रिमितीय खेळात कॅमेरा लिंकच्या पाठीमागे असतो. समोरचे दिसते, बाजूचे थोडेफार दिसते, पण डोक्यावर काय आहे हे दिसत नाही, कारण चालता चालता वर पाहण्याचे काही कारणच नसते. म्हणजे छत ही कॅमेऱ्याची आंधळी जागा झाली. तिथे एखादा शत्रू बसवून काहीही पूर्वसूचना न देता खाली टाकणे अगदी सोपे होते आणि ते सरळसरळ अन्यायाचे झाले असते. ज्याची चाहूल लागूच शकत नाही अशा संकटातून खेळाडू काहीच शिकत नाही, तो फक्त चिडतो.

निर्मात्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे सावली. फॉरेस्ट टेम्पल या डंजनमधल्या एखाद्या खोलीत पाऊल टाकताच लिंकची सोबतीण, नावी नावाची परी, बजावते की छताला लटकणाऱ्या राक्षसांच्या सावल्यांपासून जपून राहा. मग लिंकच्या पायाशी एक काळा वर्तुळाकार डाग उमटतो आणि मोठा होत जातो, आणि त्याबरोबर वरून काहीतरी खाली येत असल्याचा चढत जाणारा आवाज ऐकू येतो. धोका वर आहे, पण त्याची खूण खाली आहे, आणि खाली तर खेळाडू पाहतच असतो. जी दिशा दिसत नाही तिची बातमी दिसणाऱ्या दिशेत आणून पोहोचवण्याची ही युक्ती इतकी साधी आहे की ती युक्ती आहे हेच चटकन ध्यानात येत नाही. ऐन वेळी बाजूला सरकले की हात रिकामाच जमिनीवर आदळतो, काही क्षण तिथेच राहतो आणि तेवढ्यात त्याच्यावर तलवार चालवता येते. म्हणजे सावली ही नुसती सूचना नाही. घाबरून खोलीभर धावत सुटणारा खेळाडू आणि आवाजाकडे कान देऊन नेमक्या क्षणी एक पाऊल सरकणारा खेळाडू, यांतला फरक ती घडवते.

मला स्वतःला फॉरेस्ट टेम्पलमध्ये या हाताने कितीदा तरी दारात नेऊन सोडले आहे. पहिल्या काही वेळा सावली दिसूनही ती लिंकचीच असावी असे वाटले. नंतर सावली कळू लागली, पण भीतीने बोटे गोठत होती. पुढे पुढे आवाज कानावर पडताच पाय आपोआप हलू लागले आणि मग ध्यानात आले की तिथल्या शांत, ओसाड दालनांमधली प्रत्येक बारीकशी हालचाल मी आता लक्ष देऊन ऐकतो आहे. या शत्रूने खेळाडूला कान दिले, असे मी कृतज्ञतेने म्हणेन.

याच खेळात या भीतीवर एक उताराही ठेवलेला आहे. 'फारोरेज विंड' नावाच्या मंत्राने डंजनमध्ये एका जागी खूण करून ठेवता येते आणि नंतर मंत्राच्याच बळावर थेट त्या जागी परत येता येते. हाताने दारात नेऊन टाकले तरी खूण शाबूत असेल तर वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर खेळाडूला आपल्या न मोजलेल्या पुंजीचा विमा उतरवता येतो. बरेच खेळाडू हा मंत्र मिळवूनही वापरत नाहीत, हे खरे. पण वॉलमास्टरचा विचार केला की तो मंत्र खेळात कशासाठी आहे ते लख्ख कळते.

'ओकारिना'त याच हाताचा भाऊबंद म्हणावा असा फ्लोअरमास्टरही आहे. तो उघडपणे जमिनीवर वावरतो, तलवारीचा वार बसला की त्याचे तीन छोटे हात होतात आणि ते वेळेत मारले नाहीत तर त्यांतला एखादा वाढून पुन्हा पूर्ण आकाराचा होतो. हा शत्रू चांगला आहे, पण तो हृदयांचाच व्यवहार करतो, म्हणून त्याच्यावर अधिक थांबत नाही.

यानंतरच्या खेळांत हाताची जागा फारशी महत्त्वाची राहिली नाही. तो काय हिरावतो, ते महत्त्वाचे झाले. 2002 सालच्या 'द विंड वेकर'मध्ये जमिनीवरच्या काळपट भोवऱ्यातून हात वर येतो. अर्थ टेम्पलमध्ये लिंकबरोबर मेडली नावाची मुलगी असते. तिला उडता येते, आपल्या वाद्यावरून प्रकाश परावर्तित करून ती वाटा मोकळ्या करते आणि विशिष्ट सुरावट वाजवून खेळाडूला तिचा ताबा घेता येतो. तिच्याशिवाय पुढची पुष्कळ कोडी सुटत नाहीत. हात तिलाही उचलतो आणि कोठडीत नेऊन टाकतो. तेव्हा लिंकला मागे ढकललेही जात नाही आणि तरीही सारे अडून राहते. शिवाय यात एक नवी भावना मिसळली. आधी खेळाडू स्वतःसाठी घाबरत होता. आता आपण जिच्यावर अवलंबून आहोत आणि जिला आपणच एकटे सोडून पुढे गेलो, तिच्यासाठी घाबरू लागला.

2006 सालच्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ने हीच कल्पना वस्तूच्या बाबतीत वापरली. पॅलेस ऑफ ट्वायलाइटमध्ये 'सोल' नावाचा एक तेजस्वी गोळा उचलून खोल्याखोल्यांतून बाहेर न्यायचा असतो. तो जागेवरून हलवला की झांट या खलनायकाचा एक प्रचंड हात जागा होतो आणि पाठलाग सुरू करतो. त्याला कायमचे मारता येत नाही, फटके मारून काही क्षण थोपवता येते, आणि गोळा खाली ठेवून कोडे सोडवत असताना त्याने तो गाठला तर तो पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवतो. वॉलमास्टर लिंकशी जे करतो, तेच हा हात गोळ्याशी करतो : मधली सारी मेहनत पुसून टाकून आरंभाच्या जागी परत. फरक एवढाच की वॉलमास्टर अवचित येतो आणि हा हात सतत दिसत, हळूहळू जवळ येत राहतो. धसक्याची जागा येथे घाईने घेतली आहे.

2017 साली 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला आणि वॉलमास्टर गायब झाला. याचे कारण वरच्या हिशेबातून सहज निघते. त्या खेळात जवळजवळ कुठेही, कधीही आपला डाव जतन करून ठेवता येतो, खेळ स्वतःही मधूनमधून जतन करत असतो आणि नकाशावरच्या अनेक ठिकाणी क्षणात पोहोचता येते. जिथे परत जाण्याला किंमतच नाही तिथे परत नेऊन सोडणाऱ्या हाताची दहशत कशी टिकणार? पकडल्यावर खेळाडूने नुसता मागचा जतन केलेला डाव उघडला असता. अंतराची पुंजी स्वस्त झाली आणि तिचा चोर निकामी झाला.

म्हणून 2023 सालच्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये हात परतले ते वेगळा व्यवहार घेऊन. येथे एकटा हात नाही. 'ग्लूम' नावाच्या काळ्या-तांबड्या, घातक द्रव्याच्या थारोळ्यातून तळव्यात डोळे असलेल्या लांबच लांब हातांचा झुबका उसळतो, आकाश रक्तासारखे लाल होते, संगीत किंचाळू लागते आणि ते थारोळे सरकत सरकत लिंकच्या मागे येते. हातात सापडलेल्या लिंकची हृदये कमी होतात, एवढ्यावर ते थांबत नाही; ग्लूममुळे हृदयांची कमाल मर्यादाच खाली येते. जेवून खाऊन भरून काढावे असे ते नुकसान नाही, कारण भरायला भांडेच लहान झालेले असते. सनडिलियनच्या फुलांचे पदार्थ करून खाल्ले की ती तुटलेली हृदये पुन्हा सांधली जातात. ज्या खेळात अंतर हिरावता येत नाही, त्यात निर्मात्यांनी हृदयांतच दुसरा थर शोधला आणि तोही पुष्कळ खटपट करून मिळवलेल्या हृदयांचा.

मालिकेतल्या जुन्या खेळाडूंना या हातांसमोर आपली सगळी शिकवण उलटी झाल्यासारखी वाटते. पूर्वी भिंतीपासून दूर राहायचे होते; आता एखादा उंच कडा चढून वर जाणे हाच सुटकेचा मार्ग ठरतो, कारण हात फार काळ पाठलाग करू शकत नाहीत आणि अंतर पडले की विरून जातात. पूर्वी हाताला मारले की खोली मोकळी होत होती. आता बॉम्ब बांधलेल्या बाणांनी सगळे हात संपवले की त्याच थारोळ्यातून, हाती शस्त्र घेतलेला फँटम गॅनन, म्हणजे मालिकेतल्या मुख्य खलनायकाचे भुतासारखे रूप, उभा राहतो.